काचेंत फुललेली सृष्टि

माटुंग्याच्या बाजारांत सकाळीं फुलांच्या दुकानांपुढें मोगरा, शेवंती, अबोली यांच्या माळा लोंबत असतात. तिसऱ्या प्रहरीं त्याच माळांकडे पाहावें, तर मोगऱ्याच्या पाकळ्या तांबूस पडूं लागलेल्या आणि देंठ मऊ झालेले दिसतात. फुलाचें सौंदर्य आणि त्याचें अल्पायुष्य हीं जणूं जुळीं भावंडेंच आहेत. हें सौंदर्य कोठें तरी धरून ठेवावें, अशी इच्छा माणसाला फार प्राचीन काळापासून होत आली आहे. चित्रकारानें तें भिंतीवर रंगविलें, पाथरवटानें देवळाच्या खांबावर कोरलें, सोनारानें तें कर्णफुलांत घडविलें. परंतु या कामीं काचेची योजना करावी, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. काच म्हटली कीं, फुटण्याचें भय आधीं मनांत येतें. जें मुळांतच नाजूक, तें टिकविण्यासाठीं त्याहूनहि नाजूक पदार्थ कोण घेईल? तरीहि निसर्गाच्या हुबेहूब प्रतिकृतींचा जगांतील एक थोर संग्रह काचेचाच आहे. आणि तो निर्माण झाला, तो दिवाणखान्याच्या शोभेसाठीं नव्हे, तर शिक्षणाच्या निकडीमुळें.

वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकविणाऱ्याला ही निकड चांगली ठाऊक असते. फूल आपल्या ऋतूंत फुलतें. धडा मात्र बहुधा दुसऱ्याच महिन्यांत येतो. वनस्पति वाळवून कागदावर बसविण्याची पद्धति आहे आणि शास्त्रज्ञाला ती अमूल्य वाटते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर ब्लॅटर यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह त्याची साक्ष देतो. पण वाळलेल्या फुलाचा रंग उडतो, त्याचा उंचसखलपणा जाऊन तें चपटें होतें, आणि नवशिक्या विद्यार्थ्याला त्यावरून जिवंत फुलाची कल्पना येत नाहीं. समुद्रांतील मऊ शरीराच्या प्राण्यांची स्थिति तर याहूनहि वाईट. पावसाळ्यांत जुहू किंवा गिरगांव चौपाटीवर निळसर फुग्यासारखा एक दंश करणारा प्राणी वाहून येतो, तो पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याला मद्यार्काच्या बरणींत घालून ठेवला, तर निळाई नाहींशी होते, फुगा आकसतो आणि तंतूंचा गोळा होतो. रंगीत छायाचित्रें नव्हतीं, अशा काळीं या प्राण्याचें खरें रूप वर्गांत दाखवावें तरी कसें? मेणाच्या प्रतिकृति उन्हाळ्यांत वितळत, कागदाच्या लगद्याच्या ओबडधोबड दिसत. या अडचणीवर उपाय काचेंत सांपडला. तो कां सांपडला, हें कळण्यासाठीं काच हा पदार्थ कसा आहे, हें थोडें पाहिलें पाहिजे.

काच म्हणजे मूळची वाळूच होय. शुद्ध पांढरी वाळू वितळावयास सुमारें १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. एवढी उष्णता साध्या भट्टींत आणणें कठीण, म्हणून वाळूंत सोडा मिसळतात. सोड्यामुळें ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. परंतु नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यांत विरघळते. हा दोष घालविण्यासाठीं चुना घालावा लागतो. खिडकीच्या तावदानाच्या काचेंत शेंकडा सत्तर किंवा त्याहून थोडा अधिक भाग वाळूचा असून, बाकीचा मुख्यतः सोडा व चुना यांचा असतो.

आतां हिच्या अंगचा विशेष गुण पाहा. बर्फ किंवा शिसें तापविलें, तर एका ठराविक अंशावर तें वितळतें. घनाचें एकदम द्रव होतें. काचेचें तसें नाहीं. ती तापत जाते तसतशी गुळाच्या पाकाप्रमाणें हळूहळू सैल होत जाते. प्रथम ती वांकते, मग ताणली जाते, मग ठिबकूं लागते. निवतांना हाच क्रम उलट होतो. या मधल्या अवस्थेंत कारागिराला कांहीं क्षणांची सवड मिळते. तेवढ्या सवडींत त्यानें तिला ओढावी, चिमटावी, फुंकावी, वळवावी. आणि हात थांबला कीं, जो आकार आला असेल तोच कायम होतो. पाकळीची वळलेली कड, वेलाचा ताणा, पानावर अडून राहिलेला थेंब हे आकार मऊ पदार्थानें वजनाच्या व ताणाच्या ओढीनें घेतलेले असतात. सैल काचहि त्याच ओढीला वश होते. म्हणून दगडांत जो आकार छिन्नीनें हजार घाव घालून आणावा लागतो, तो काचेंत एका ओढीसरशीं येऊं शकतो.

रंगाची गोष्टहि अशीच आहे. काचेचा रंग वरून दिलेला नसून तिच्या अंगांतच मुरलेला असतो. कोबाल्टानें ती निळी होते, लोखंडानें हिरवट, मँगनीजनें जांभळी. अत्यंत सूक्ष्म सोन्याच्या किंवा तांब्याच्या कणांनीं तांबडी होते. कथलाच्या भस्मानें दुधाळ व अपारदर्शक होते. प्रकाश तिच्यावर पडतो, तसा तिच्यामधूनहि येतो. जिवंत पाकळी उन्हांत धरली असतां जी आंतून उजळल्यासारखी दिसते, तो उजाळा काचेला सहज साधतो.

परंतु या सर्व गुणांबरोबर एक कठोर अटहि आहे. काच घडवून झाली म्हणजे ती निववावी लागते, आणि तीहि अगदीं सावकाश. बाहेरचा पापुद्रा आधीं निवला आणि आंतला गाभा उष्ण राहिला, तर दोहोंमध्यें ओढाताण चालू राहते, आणि वरून निर्दोष दिसणारी वस्तु दुसऱ्या दिवशीं कोणाचा स्पर्श न होतां तडकते. म्हणून घडविलेली वस्तु सुमारें पांचशें अंशांच्या भट्टींत ठेवून, ती भट्टी हळूहळू थंड होऊं देतात. मोठ्या व जाड शिल्पाला निवण्यास कित्येक दिवस, प्रसंगीं महिनेहि लागतात. दोन रंगांच्या काचा एकत्र जोडतांना त्यांचें तापल्यावर फुगण्याचें प्रमाण सारखें असावें लागतें. नाहीं तर सांध्यावरच चीर जाते. या कलेंत घाई चालत नाहीं आणि चूक लपत नाहीं.

काचेचें शिल्प करण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली फुंकण्याची : भट्टींतील काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोंकावर घेऊन त्यांत हवा फुंकायची व फिरवीत फिरवीत त्याला आकार द्यायचा. दुसरी साच्याची : वितळलेली काच किंवा काचेची भुकटी साच्यांत भरून ती भट्टींत एकजीव करायची. तिसरी दिव्यावरची : काचेच्या कांड्या व नळ्या एका प्रखर ज्योतींत धरून, मऊ झालेल्या टोंकाला चिमट्यानें व सुईनें रूप द्यायचें. मोठे डौलदार आकार पहिल्या दोन रीतींनीं होतात. फुलांतील केसर, प्राण्याचे तंतु, मुंगीचा पाय अशा बारकाव्यांना दिव्यावरचें कामच पाहिजे.

या दिव्यावरच्या कामाला पराकोटीस नेणारे पितापुत्र म्हणजे लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का. लिओपोल्डचा जन्म १८२२ सालीं बोहेमियांत झाला. काचकाम हा त्याच्या घराण्याचा पिढीजाद धंदा होता. दागिन्यांतील काचेचे खडे व माणसांसाठीं कृत्रिम डोळे करणें हें त्याचें पोट भरण्याचें साधन. १८५० सालीं त्याची पत्नी वारली, दोन वर्षांनीं वडील वारले. आणि १८५३ सालीं मन रमावें म्हणून तो अमेरिकेच्या प्रवासास निघाला. वाटेंत वारा पडल्यामुळें त्याचें शिडाचें जहाज अटलांटिक महासागरांत दोन आठवडे जागच्या जागीं खोळंबलें. त्या रिकाम्या वेळांत तो समुद्रांतील पारदर्शक प्राणी पाहात बसे. रात्रीं पाण्यांत चमकणारीं त्यांचीं शरीरें पाहून, काचेच्या कारागिराच्या दृष्टीला तीं काचेचींच भासलीं, यांत नवल नाहीं. त्यानें त्यांचीं चित्रें काढून ठेवलीं.

परतल्यावर त्यानें प्रथम ऑर्किड जातीचीं फुलें काचेंत करून पाहिलीं. १८६३ सालीं ड्रेस्डेनच्या निसर्गवस्तुसंग्रहालयानें त्याच्याकडून समुद्रपुष्पें, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्रांतील प्राणी, काचेचे करवून घेतले. आणि तेथून त्याच्या आयुष्याला वळण लागलें. युरोप-अमेरिकेंतील कॉलेजें व संग्रहालयें त्याच्याकडे मागणी करूं लागलीं. त्याचा मुलगा रुडॉल्फ हाहि या कामांत बापाच्या बरोबरीनें तयार झाला. त्या दोघांनीं मिळून समुद्रांतील प्राण्यांच्या हजारों प्रतिकृति केल्या. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें १८८५ सालीं घेतलेल्या संग्रहांतच सुमारें ५७० नग होते. जिवंत प्राणी जवळून पाहतां यावेत, म्हणून त्यांनीं घरीं खाऱ्या पाण्याच्या टांक्या बाळगल्या होत्या. आजच्या काळीं या संग्रहाचा एक नवाच उपयोग निघाला आहे. दीडशें वर्षांपूर्वींच्या समुद्रांत कोणते जीव होते, याची ती काचेंतील नोंदच असल्यामुळें, त्यांपैकीं कोणते अद्याप टिकून आहेत, याचा शोध कॉर्नेल येथील ड्रू हार्वेल या विदुषीनें घेतला, आणि २०१६ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें.

हार्वर्ड विद्यापीठांतील वनस्पतिसंग्रहालयाचे प्रमुख प्राध्यापक गुडेल यांनीं हे काचेचे समुद्रप्राणी पाहिले, तेव्हां त्यांच्या मनांत सहजच आलें कीं, प्राणी होऊं शकतात तर फुलें कां नाहींत? १८८६ सालीं ते ड्रेस्डेनजवळच्या होस्टरविट्झ गांवीं ब्लाश्कांच्या घरीं स्वतः गेले. लिओपोल्ड प्रथम राजी नव्हता; चालू धंदा सोडून नव्या वाटेला लागण्यास तो कचरत होता. फार आग्रह केल्यावर त्यानें नमुन्यादाखल थोड्या वस्तु करून पाठविल्या. त्या अमेरिकेंत पोंचल्या खऱ्या, पण जकातीवरील तपासणींत बहुतेक सर्व फुटल्या. तथापि ते तुकडेच इतके सुंदर होते कीं, त्यांवरूनच गुडेल यांची खात्री पटली. बॉस्टनच्या एलिझाबेथ वेअर आणि त्यांची कन्या मेरी ली वेअर यांनीं सर्व खर्च पतकरला, आणि चार्ल्स एलियट वेअर यांच्या स्मरणार्थ तो संग्रह विद्यापीठाला देण्याचें ठरलें. १८८७ सालीं काम सुरू झालें. १८९० सालीं दहा वर्षांचा करार होऊन, वर्षाला ८,८०० मार्क घेऊन ब्लाश्कांनीं दुसरें कोणतेंहि काम करूं नये, असें ठरलें.

पुढें हें काम दहा नव्हे, तर जवळजवळ पन्नास वर्षें चाललें. १९३६ सालीं तें थांबलें, तेव्हां सुमारें ७८० जातींच्या वनस्पति आणि लहानमोठे मिळून ४,३०० हून अधिक नग तयार झाले होते. प्रत्येक जातीची एक फांदी खऱ्या आकाराची; तिच्याजवळ फुलाचे भाग कितीएक पटींनीं मोठे करून दाखविलेले; कोठें बीजकोशाचा छेद, कोठें परागकण. आपल्या कोंकणांतील माणसाला ओळखीचा वाटेल असा काजूहि, बोंडासह आणि खालीं लटकणाऱ्या बीसह, त्या संग्रहांत आहे. केवळ सुंदर तेवढेंच निवडलें, असेंहि नाहीं. १९२४ ते १९३२ या वर्षांत रुडॉल्फनें नासलेलीं फळें केलीं. बुरशी लागलेलें, डाग पडलेलें, सुरकुतलेलें फळ त्यानें ताज्या पाकळीइतक्याच आदरानें घडविलें. शेतीच्या विद्यार्थ्याला रोग ओळखतां यावा, हा त्यांतील हेतु. निसर्गाकडे पाहण्याची खरी दृष्टि अशीच असते. ती फुललेल्याइतकेंच कुजणाऱ्याहि वस्तूकडे लक्ष देते.

हें सर्व कसें केलें असेल? पाहणारा थक्क होतो आणि म्हणतो कीं, या लोकांजवळ कांहीं गुप्त यंत्र असलें पाहिजे. असें म्हणणारे लोक लिओपोल्डच्या हयातींतहि होते. त्याचें उत्तर असें कीं, यंत्र कांहींएक नाहीं. आमच्या हातांत कसब आहे, आणि माझ्या मुलाच्या हातीं तें माझ्याहून अधिक आहे, कारण दर पिढीला तें वाढत जातें. त्यांचें टेबल अगदीं साधें होतें. एक दिवा, पायानें चालवावयाचा भाता, आणि त्याच्या वाऱ्यानें तिरपी होऊन तीव्र झालेली ज्योत. चिमटे, सुया, लहानशा कात्र्या. फुलाच्या देंठांत तारेचा आधार, तिच्यावर काचेचें आवरण. पाकळ्या एकेक घडवून कांहीं वितळवून जोडलेल्या, कांहीं सरसानें बसविलेल्या. आरंभीं रंग कुंचल्यानें देत असत. पुढें रुडॉल्फनें रंगीत काचेची भुकटी पृष्ठभागावर वितळवून पक्के रंग देण्यास सुरुवात केली. बाजारांत मनाजोगती काच मिळेना, तेव्हां तो आपली काचहि आपणच करूं लागला.

साहित्य एवढें अल्प आणि फल एवढें मोठें, यामधील अंतर भरून काढणारी वस्तु म्हणजे निरीक्षण. ब्लाश्कांनीं अमेरिकेंतील वनस्पतींचीं रोपें मागवून आपल्या बागेंत वाढविलीं. रुडॉल्फ १८९२ सालीं जमेका व अमेरिका येथें जाऊन फुलें जागेवर पाहून आला, त्यांचीं चित्रें व रंगांच्या टांचणी घेऊन आला. पानाच्या शिरा किती, केसर कोणत्या बाजूस कललेले, लव कोठें दाट आणि कोठें विरळ, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याचा हात कितीहि कुशल असला तरी फूल खोटेंच होणार. डोळा आधीं आणि हात मागाहून, असाच या विद्येचा क्रम आहे.

परंतु या कथेचा शेवट विषादाचा आहे. १८९५ सालीं लिओपोल्ड वारला. त्यानंतर चाळीस वर्षें रुडॉल्फ एकटाच काम करीत राहिला. त्याला अपत्य नव्हतें, आणि त्यानें कोणी शिष्यहि तयार केला नाहीं. १९३९ सालीं तो निवर्तला, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेलें तें कसब त्याच्याबरोबर गेलें. दिव्यावर काम करणारे कुशल कारागीर जगांत आजहि आहेत; परंतु त्या तोडीचा दुसरा संग्रह पुनः झाला नाहीं. घराण्याच्या ज्या परंपरेनें ही विद्या एवढी वाढविली, तिनेंच ती संपविली.

निसर्गापासून स्फूर्ति घेण्याची दुसरीहि एक रीत आहे, तिचा येथें उल्लेख केला पाहिजे. फ्रान्सांतील नान्सी शहरीं एमिल गाले नांवाचा कलावंत १८४६ ते १९०४ या काळांत होऊन गेला. वनस्पतिशास्त्राचा त्याचा अभ्यास खोल होता. पण त्यानें फुलाची नक्कल केली नाहीं. निरनिराळ्या रंगांच्या काचेचे थर एकावर एक चढवून, ते अम्लानें व चाकानें कोरून, त्यानें भांड्यावर धुकें, पाणी, कोमेजतें कमळ, चतुर यांचा भास उत्पन्न केला. त्याच्या शेवटच्या कृतींपैकीं एक म्हणजे काचेचा हात. समुद्राच्या तळांतून वर आलेला तो हात शेवाळानें व शिंपल्यांनीं वेढलेला आहे. तो पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. ब्लाश्कांनीं निसर्गाचा शब्दन्‌शब्द लिहून घेतला. गालेनें त्याचा भावार्थ सांगितला. एकाचें काम शिक्षकाचें, दुसऱ्याचें कवीचें; पण दोघांचाहि आरंभ फुलाजवळ बसून त्याचा अभ्यास करण्यापासूनच झाला.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्राला काच नवी नाहीं. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीच्या टेंकडीचें उत्खनन १९४५–४६ सालीं झालें, त्यांत काचेचे मणी व बांगड्यांचे तुकडे मिळाले. त्या उत्खननांत भाग घेणारे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं भारतीय काचेचा इतिहास लिहिला, व तो मुंबई विद्यापीठानें १९६९ सालीं प्रसिद्ध केला. परंतु आपल्याकडील काच बहुतेक मनगटावर आणि गळ्यांतच राहिली. नव्या पद्धतीची काच करण्याचा मोठा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभीं झाला, आणि तो कोणा धनिकाच्या पैशानें नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागून पैसाफंड उभारला. लोकमान्य टिळकांनीं त्याचा पुरस्कार केला. आणि त्या फंडांतून १९०८ सालीं तळेगांव येथें काचेचा कारखाना निघाला. जपान व अमेरिका येथें ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं त्याची धुरा वाहिली.

या कारखान्याचें वैशिष्ट्य असें कीं, तो कारखाना होता तशीच शाळाहि होती. तेथें शिकून बाहेर पडलेलीं माणसें देशांतील ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेलीं. १९१६ सालीं ओगलेबंधूंनीं औंध संस्थानच्या हद्दींत, कऱ्हाडजवळ, आपला कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलानें महाराष्ट्रांतील किती घरें उजळलीं, हें सांगावयास नको. तळेगांवीं किंवा ओगलेवाडीस काचेचीं फुलें झालीं नाहींत. कंदिलाच्या चिमण्या आणि बरण्या झाल्या. काळाची गरजच तशी होती. परंतु चिमणी फुंकणाऱ्याच्या श्वासाला जें माप लागतें, तेंच शिल्प फुंकणाऱ्यालाहि लागतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, होस्टरविट्झ येथें जी विद्या एका घरांत कोंडून राहिली, तशीच विद्या तळेगांवीं पैशापैशानें लोकांची झाली.

पश्चिमेकडेहि पुढें हाच मार्ग धरावा लागला. १९६२ सालीं अमेरिकेंतील टोलेडो येथें हार्वे लिटलटन आणि डॉमिनिक लॅबिनो यांनीं एक लहानशी भट्टी उभारून दाखविली, आणि कारखान्यावांचून एकट्या कलावंतालाहि काच वितळवितां येते, हें सिद्ध केलें. लिटलटनचा शिष्य डेल चिहुली यानें १९७१ सालीं इतरांच्या साहाय्यानें पिलचक येथें काचेची शाळा काढली. याच चिहुलीनें पुढें समुद्रांतील जीवांसारखे पातळ, लहरदार आकार घडविले. गरम गोळा खांचे असलेल्या साच्यांत फुंकला म्हणजे त्यावर शिंपल्यासारख्या उभ्या रेघा उठतात, आणि त्या रेघांमुळें पातळ काचेलाहि बळकटी येते. शिंपल्याची हीच युक्ति आहे. १९७६ सालीं अपघातांत त्याचा एक डोळा गेला, पुढें खांद्यालाहि इजा झाली, आणि नळी स्वतः हातीं धरणें त्याला सोडावें लागलें. पण काम थांबलें नाहीं. कारण तें अनेकांना येत होतें. तो चित्रें काढून सूचना देई, आणि कारागिरांचा ताफा तीं काचेंत उतरवी. रुडॉल्फ ब्लाश्काचा हात थांबला, तेव्हां सर्वच थांबलें. येथें एक हात थांबला, तर दहा हात पुढें आले.

मुंबईंत निसर्ग आणि काच यांचा योग क्वचित् दृष्टीस पडतो. २०१४ सालीं सुरू झालेल्या विमानतळाच्या नव्या इमारतीच्या छतांत रंगीत काचेच्या लहान चकत्या बसवून, खालीं मोराच्या पिसाऱ्याच्या रंगांची पखरण होईल, अशी योजना केली आहे. असे प्रयोग अधिक व्हावयास हवे असतील, तर त्यासाठीं माटुंग्यासारखी सोयीची जागा दुसरी सांपडणें कठीण. ज्या १८८७ सालीं ब्लाश्कांनीं फुलांस आरंभ केला, त्याच सालीं स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था १९२३ सालीं माटुंग्यास आली. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें ओळखली जाते. मुंबई विद्यापीठाचें रासायनिक तंत्रविद्येचें खातें १९३३ सालीं निघालें आणि १९४३ सालीं माटुंग्यास स्थिरावलें. तेंच आजचें रसायन तंत्रज्ञान संस्थान. रुईया कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. पांच बगीच्यांतील वृक्ष हाकेच्या अंतरावर आहेत. रसायनशाळेसाठीं वळणावळणाच्या नळ्या घडविणारा कारागीर ज्या ज्योतीवर काम करतो, तिच्यावरच फुलाची पाकळीहि घडते. तो वापरतो ती बोरॉनयुक्त काच तापल्यावर साध्या काचेच्या मानानें एकतृतीयांशच फुगते. त्यामुळें ती सहसा तडकत नाहीं आणि नवशिक्याच्या चुका सोसते.

विषयांचीहि वाण नाहीं. बोरिवलीच्या डोंगरांतील कारवी सात-आठ वर्षांतून एकदां फुलते. मधल्या वर्षांत शाळा सोडून जाणाऱ्या मुलानें ती पाहावी कशी? सह्याद्रींतील कंदीलपुष्पाची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. त्याच्या लांबट नळींत बारीक माशी शिरते. नळीच्या आंत खालच्या दिशेस वळलेले केस असल्यामुळें तिला परत येतां येत नाहीं. आंत धडपडत असतांना परागाच्या पिशव्या तिच्या तोंडाला चिकटतात. मग केस सुकतात, वाट मोकळी होते, आणि माशी दुसऱ्या फुलाकडे जाते. हें सर्व त्या नळीच्या आंत घडतें. फूल चिरल्याशिवाय दिसत नाहीं. याच्या कांहीं जाती सह्याद्रीवांचून जगांत कोठेंच नाहींत आणि त्या विरळ होत चालल्या आहेत. शिकविण्यासाठीं त्यांचे कंद उकरणें म्हणजे वनस्पतीचा नाश करणें होय. पारदर्शक काचेचें, बोटाऐवजीं हाताएवढें कंदीलपुष्प करून, त्यांत ते केस आणि ती माशी दाखविली, तर एकहि फूल न तोडतां शेंकडों विद्यार्थ्यांना तो चमत्कार पाहतां येईल.

मुंबईच्या हवेंत एक काळजी मात्र घ्यावी लागेल. ज्या काचेंत क्षार अधिक आणि चुना कमी, तिला दमट हवेचा उपद्रव होतो. हवेंतील ओलावा क्षार बाहेर ओढतो, पृष्ठभागाला चिकट घाम सुटतो आणि पुढें बारीक चिरा पडतात. काचेचा हा रोग ब्लाश्कांच्या कांहीं नमुन्यांनाहि बाधला आहे. म्हणून काचेची निवड आणि कपाटांतील कोरडी हवा यांकडे पहिल्यापासून लक्ष हवें. ज्ञान आहे, साधनें आहेत. उणीव आहे ती डोळा आणि हात यांना एकत्र बसवून शिकविणाऱ्या वर्गाची. एक ज्योत, चार विद्यार्थी, आणि त्यांच्यापुढें त्या दिवसाचें एक ताजें फूल, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. पैशापैशानें कारखाना उभारणाऱ्या महाराष्ट्राला हें जड नाहीं.

फुटलेलें काचेचें फूल पुनः घडवितां येतें. परंतु तें घडविणारा हात दुसऱ्या हाताला न शिकवितां गेला, तर तो मात्र कोणत्याहि भट्टींतून परत मिळत नाहीं.